आधी काम की आधी दाम?

दिवाळी आठ दिवसांवर आली की धाराशिवात वायरमन सापडणे आणि कपिलाषष्ठीचा योग येणे यांत फारसे अंतर राहत नाही. आकाशकंदिलासाठी गच्चीवर एक पॉइंट हवा असतो, माजघरातली जुनी वायर उंदरांनी कुरतडलेली असते, आणि सूनबाईंना मिक्सरसाठी निराळे बटन हवे असते. वायरमन येतो, भिंतीवरून एक नजर फिरवतो, आकडा सांगतो आणि म्हणतो, "काका, निम्मे आधी द्यावे लागतील." लगेच ओसरीवर बसलेल्या आजोबांच्या कपाळाला आठी पडते. "आमच्या वेळी आधी काम, मग दाम. पैसे घेऊन हा पसार झाला म्हणजे?"

आजोबांचे म्हणणे अर्धे खरे आहे. उरलेल्या अर्ध्याची हकीकत थोडी लांबची आहे.

आजोबांच्या मनात जो काळ आहे तो बलुत्याचा. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'गावगाडा' या पुस्तकात त्याचे बारकाईने वर्णन आहे. सुताराने वर्षभर नांगर, वखर, तिफण दुरुस्त करायची, लोहाराने फाळ शेवटायचे, आणि सुगी झाली की खळ्यावर जाऊन आपला वाटा उचलायचा. आगाऊ दमडी नाही. वर्षभर कारागीरच शेतकऱ्याला उधार काम देत असे, असेही म्हणता येईल. पण सावकाराच्या उधारीची जशी वही असते तशी या उधारीची नसे.

हे चालले कसे? एक कारण सर्वांना ठाऊक आहे: सुतार गावचाच, त्याचा बाप गावचा, तो पळून जाणार कोठे? दुसरे कारण मात्र सहसा कोणी सांगत नाही, आणि मला तेच अधिक महत्त्वाचे वाटते. लाकूड शेतकऱ्याचे असे. बांधावरची बाभूळ तोडून त्याने सुताराच्या दारात आणून टाकायची. लोहाराकडे जाताना लोखंड आणि कोळसा न्यायचा, वेळ पडली तर भाता ओढायला घरचा गडी द्यायचा. कारागिराचे हात आणि हत्यारे एवढेच त्याचे. पदरचा माल घालायचा नाही, मग आगाऊ रक्कम मागायची कशासाठी? शिवाय घर बांधणे किंवा नवी गाडी करणे ही कामे मुळी बलुत्यात येतच नसत. त्यांची मजुरी वेगळी ठरे. तेव्हा घरातल्या वायरिंगच्या कामाला बलुत्याचा न्याय लावणे जुन्या काळीही बसले नसते.

आणि मागाहून दाम या रीतीला आणखी एक बाजू होती. खळ्यावर किती पेंढ्या टाकायच्या हे देणाऱ्याच्या मर्जीवर. काम होऊन चुकलेले, आता घासाघीस करायची ती कशाच्या बळावर? सुतार-लोहाराचा थोडाफार मान तरी राखला जाई. महार-मांगांच्या वाट्याला अष्टौप्रहर राबणूक आणि वर उपकाराची भाषा. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले ते याच गाठीवर घाव घालण्यासाठी. आणि फेब्रुवारी १९४१ मध्ये ते आपल्याच जिल्ह्यात, कसबे तडवळ्याला, महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले होते. आजोबांच्या 'आमच्या वेळी'त ही परिषदही बसते, हे त्यांना हळूच सांगायला हवे.

आता आगाऊ रकमेकडे वळू. शहरात कारागीर परका, गिऱ्हाईकही परके. तेथे काम पक्के करायला काहीतरी हातावर ठेवावे लागे. पण ती रक्कम घेऊन कारागीर आलाच नाही तर? या धास्तीने इंग्रज सरकारने १८५९ साली एक कायदाच केला. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई येथील कारखानदारांचे व व्यापाऱ्यांचे आगाऊ पैसे घेऊन काम न करणाऱ्या कारागिरांमुळे नुकसान होते, असे त्याच्या आरंभीच म्हटले होते. मालकाने तक्रार केली की मॅजिस्ट्रेटने मालकाच्या पसंतीप्रमाणे कारागिराला हुकूम करायचा: पैसे परत कर, नाहीतर काम कर. तो हुकूम पाळला नाही तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. दिवाणी देण्याघेण्याला तुरुंगाची शिक्षा! मालकाने ठरलेली मजुरी बुडवली तर त्याला मात्र या कायद्यात असा तुरुंग नव्हता. पुढे हा कायदा इतर मुलखांतही लागू करता येऊ लागला, आणि आसामच्या चहामळ्यांत त्याचा पुष्कळ उपयोग झाला. तो रद्द करण्याचा ठराव व्हायला १९२५ साल उजाडले.

धाराशिव तेव्हा निजामाच्या मुलखात. येडशीवरून बार्शीच्या वाटेला लागले की इंग्रजी हद्द, निराळा कायदा आणि निराळा रुपयाही. सहा कलदार रुपयांना साधारण सात हाली पडत. आगाऊ रक्कम ठरली तरी 'कलदार की हाली?' हा प्रश्न उरतच असे.

कायदा गेला, पण त्यातली वृत्ती गेली नाही. आपल्याकडे पाडव्याला सालगड्याचे साल ठरे तेव्हा उचल दिली जाई. आणि ऊसतोडीला जाणारे नवरा-बायकोचे 'कोयते' मुकादमाकडून आजही उचल घेतात. हंगामात ती फिटली नाही की पुढच्या वर्षाचा गळफास तयार. निजाम सरकारने १९३६ साली भगेला करारांवर निर्बंध घातले, स्वतंत्र भारताने १९७६ साली वेठबिगारीविरुद्ध कायदा केला. दोन्हींच्या मुळाशी घेतलेली आगाऊ रक्कमच होती. आजोबांना भीती वाटते ती पैसे घेणारा निसटेल याची. इतिहासात मात्र पैसे घेणाराच अडकून पडलेला अधिक वेळा दिसतो.

मग हा वायरमन कोणत्या जातकुळीचा? तो ना बलुतेदार, ना उचल्या घेणारा मजूर. वीज आली ती आपल्याबरोबर नवाच व्यवहार घेऊन आली. हे खेडोपाडीचे काम महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने १९६० नंतर केले. १९५६ च्या नियमांप्रमाणे घरातली जोडणी परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यायची. लाकडी पट्ट्या, तांब्याची तार, होल्डर, फ्यूज, मेन स्विच: यातले काहीही बांधावर उगवत नाही. सगळे दुकानातून रोख आणायचे. तो निम्मे मागतो त्यात मजुरी थोडी आणि तांबे फार असते. आणि वीज देणारे खाते तरी काय करते? सुरक्षा ठेव आधी भरा, मग जोडणी! २००३ च्या वीज कायद्यात ठेवीची तरतूद आहे. मात्र तिच्यावर व्याज द्यावे असेही त्यात लिहिले आहे. वायरमनकडून आजवर कोणी व्याज मागितल्याचे ऐकिवात नाही.

या जिल्ह्याने घरकामाच्या पैशाचा एक मोठा प्रयोग पाहिला आहे, आणि तो दुःखातून आला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून माणसे झोपली असताना, लातूर आणि आपल्या जिल्ह्यातल्या उमरगा-लोहारा भागाची घरे कोसळली. सास्तूरचे नाव तेव्हा देशभर ऐकू गेले. ज्या गावांतली घरे पडली नव्हती पण खिळखिळी झाली होती, तेथे दुरुस्ती व मजबुतीसाठी पैसा घरमालकाच्याच हाती दिला गेला, तोही टप्प्याटप्प्याने: पहिला हप्ता आधी, पुढचा काम पाहून. गवंडी ठरवायचा घरधन्यानेच. अशी दीड लाखाहून अधिक घरे त्या कार्यक्रमात धरली होती. एका भल्यामोठ्या सरकारला आणि जागतिक बँकेलाही सगळे आधी किंवा सगळे मागाहून, यांपैकी काहीच जमले नाही, हे आजोबांनी ऐकले तेव्हा ते थोडे सैलावले.

अखेर त्यांनीच तोड काढली. वायरमनकडून यादी लिहून घेतली, त्याला बरोबर घेऊन स्वतः दुकानात गेले, वायर, बटने आणि बोर्ड पारखून घेतले, दुकानदाराला पैसे दिले आणि पावती बंडीच्या खिशात ठेवली. म्हणजे लाकूड घरचे, मजुरी निराळी! मजुरी किती, हे त्याच यादीच्या पाठीवर लिहून दोघांनी सह्या केल्या. वायरमनने चहाबरोबर शंभर रुपये तेवढे मागितले, बसभाड्याला म्हणून. ते आजोबांनी दिले, आणि तेही यादीवर मांडून ठेवायला विसरले नाहीत.