आज काय वाचू? : गिरणगावातल्या कादंबरी-शिफारशीचा इतिहास

काळाचौकीत व्याख्यान म्हटलं की गिरण्या, संप, गणपती, कबड्डी हे विषय ठरलेले असतात. आज आपण जरा वेगळा विषय घेतला आहे. या भागात एक माणूस दुसऱ्याला रोज सांगायचा, "अरे, ही कादंबरी वाच." या सांगण्याचा इतिहास आपल्याला बघायचा आहे. विषय किरकोळ वाटेल. पण मराठी कादंबरी गावोगाव, चाळीचाळीत कशी पोचली, याचं उत्तर समीक्षेच्या ग्रंथांपेक्षा या सांगण्यातच जास्त सापडतं, असं आमचं म्हणणं आहे.

सुरुवात थोडी मागून करू. 'कादंबरी' हा शब्द मुळात बाणभट्टाच्या एका ग्रंथाचं नाव. मराठीने ते नाव उचललं आणि अख्ख्या साहित्यप्रकाराला दिलं. 1857 साली बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' आली, 1861 साली लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला', 1871 साली गुंजीकरांची 'मोचनगड'. म्हणजे बघा, चौदा-पंधरा वर्षांत सामाजिक, अद्भुतरम्य आणि ऐतिहासिक असे तिन्ही प्रवाह सुरू झाले. आणि लगेच प्रश्न आला की यातलं वाचायचं काय? 1872 साली काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी 'नावल' आणि नाटक यांवर निबंध लिहिला. पुढे 1902 साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी 'कादंबरी' हा निबंध लिहिला. ही शिफारशीची वरची वाट. विद्वान सांगणार, वाचक ऐकणार.

पण खालून दुसरी वाट तयार होत होती. 1890 साली हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' सुरू केलं आणि 'पण लक्षात कोण घेतो' त्यात क्रमशः येऊ लागली. क्रमशः कादंबरी पुरी व्हायच्या आतच तिच्याबद्दल बोलणं सुरू होतं. यमूचं पुढे काय झालं, हे विचारायला दुसरा वाचक लागतो. एकट्याने वाचायची वस्तू चार जणांच्या बोलण्यात आली ती अशी.

आता मुंबईकडे येऊ. 1898 साली मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय निघालं. 1911 साली ना. म. जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. परळचा दामोदर हॉल आपण नाटकांमुळे ओळखतो, पण या लीगने कामगारांसाठी रात्रशाळा, मोफत वाचनालयं आणि फिरती वाचनालयंही चालवली. त्याच सुमारास बडोद्यात सयाजीराव महाराजांनी बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून पुस्तकांच्या पेट्या गावोगाव पाठवायची व्यवस्था उभी केली होती. यामागचा विचार मोठा आहे. माणूस पुस्तकाकडे येत नसेल, तर पुस्तकाने माणसाकडे जावं. मात्र पुस्तक दारात आलं म्हणजे ते वाचलं जातंच असं नाही. पेटीत पन्नास पुस्तकं आहेत, पहिलं कोणतं उचलायचं? तिथे कुणीतरी बोट दाखवणारा लागतो.

गिरणगावात हे बोट दाखवणारे पुष्कळ होते. आमच्या पिढीने ते पाहिले आहेत. कोकणातून, घाटावरून आलेली माणसं एका खोलीत पाळीप्रमाणे राहायची. एक जण कामावरून आला की दुसरा निघायचा, अंथरूण तेच. पुस्तकाचंही तसंच. एकाच्या नावावर आणलेलं पुस्तक पाच जण वाचायचे. ज्याला वाचता येत नसे तो ऐकायचा. पोथी ऐकायची सवय गावाकडून आलेलीच होती. तिथे आता 'फकिरा' बसला. अण्णाभाऊ साठ्यांची ही कादंबरी 1959 सालची. तिच्याबद्दल परीक्षण वाचून ती हातात घेणारे किती असतील? "आपल्या माणसानं लिहिलंय, ऐक," एवढी शिफारस पुरत होती.

दुसरे बोट दाखवणारे म्हणजे पुस्तकं भाड्याने देणारे दुकानदार. एखाद्या जिन्याखाली दोन फळ्या, थोडी अनामत आणि दिवसावर भाडं. या 'दिवसावर' शब्दात सगळं अर्थशास्त्र आहे. बाबूराव अर्नाळकरांची रहस्यकथा एका बैठकीत संपते, म्हणजे एका दिवसाचं भाडं. 'श्रीमान योगी' घेतली तर आठवडा जाणार. दुकानदाराला गिऱ्हाइकाची पाळी ठाऊक, पगाराची तारीख ठाऊक. रात्रपाळीवाल्याला तो झुंजार किंवा काळा पहाड द्यायचा. सुट्टी लागून आली की म्हणायचा, "आता जरा जाडं घे, 'स्वामी' घेऊन जा." घरात बाई वाचणारी असेल तर योगिनी जोगळेकर, सुमती क्षेत्रमाडे यांची पुस्तकं बाजूला काढून ठेवायचा. 1931 साली रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, हे त्यातले दोन. जिन्याखालच्या त्या माणसाने रंगनाथन वाचले नव्हते, पण संध्याकाळी सहा ते नऊ तो तेच करत होता.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घेऊ. या शिफारशीत प्रकारांच्या भिंती नव्हत्या. रहस्यकथा हलकी, ऐतिहासिक कादंबरी भारदस्त, वास्तववादी कादंबरी श्रेष्ठ, ही उतरंड समीक्षकांची. वाचणारा माणूस सोमवारी अर्नाळकर, बुधवारी खांडेकर आणि रविवारी 'बनगरवाडी' वाचायचा. त्याला त्यात काही विसंगत वाटत नव्हतं. बरं, तो सगळ्यांना एकाच मापाने मोजत होता असंही नाही. "ही वेळ जायला बरी", "ही डोक्यात राहते", "ही बायकोला देऊ नको, रडेल", हे तीन वेगळे निर्णय आहेत. याला समीक्षा म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

वरच्या वाटेवर मात्र भांडणं चालली होती. 1965 साली भाऊ पाध्यांची 'वासूनाका' आली. मुंबईच्या नाक्यावरच्या पोरांची भाषा त्यात होती. आचार्य अत्र्यांनी तिच्यावर कडाडून टीका केली. त्याआधी, 1962च्या दिवाळीत 'रंभा'त आलेल्या चंद्रकांत काकोडकरांच्या 'शामा' या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1969 साली लेखक निर्दोष सुटले. काय वाचू नये हे सांगणाऱ्यांच्या नोंदी अशा जपल्या जातात. न्यायनिवाडे छापले जातात, अग्रलेखांची कात्रणं राहतात. 'वाच' म्हणणाऱ्याची नोंद कुठे असते?

सुदैवाने एका ठिकाणी ती झाली. 1964 साली गिरगावातल्या मॅजेस्टिकच्या केशवराव कोठावळ्यांनी 'ललित' हे मासिक सुरू केलं. त्यात 'चोखंदळ वाचकांची निवड' असे. शब्द बघा, 'वाचकांची' निवड. पण तिथपर्यंत पोचणारा वाचक पत्र लिहिणारा, अंक घेणारा होता. जिन्याखालच्या दुकानातला वाचक त्यातही फारसा नव्हता.

आता थोडं तत्त्वज्ञान, कारण ते आमच्या हाडातच आहे. कांटने 1790 साली एक भेद सांगितला. रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'त त्याची चर्चा तुम्हाला मराठीत मिळेल. 'मला आवडलं' म्हणताना मी फक्त माझ्याविषयी बोलतो. 'हे सुंदर आहे' म्हणताना मात्र तुम्हीही मान्य करावं अशी माझी अपेक्षा असते. सिद्ध तर करता येत नाही. 'ही वाच' हे वाक्य या दोन्हींच्या पुढे एक पाऊल जातं. त्यात मी तुमचा वेळ मागतो आणि माझी पत पणाला लावतो. पुस्तक टाकाऊ निघालं तर उद्या तुम्ही माझं ऐकणार नाही. आपल्याकडे अभिनवगुप्ताने रसिकाला 'सहृदय' म्हटलं. आमच्या मते शिफारस करणारा हा सहृदयाच्याही पुढचा, कारण त्याला दोन हृदयं ओळखावी लागतात, पुस्तकाचं आणि समोरच्याचं.

18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. पुढे काय झालं ते इथे वेगळं सांगायला नको. पगार गेला तिथे दिवसाचं भाडं कुठून येणार? टीव्ही आला, लोक डोंबिवली-विरारला गेले, फळ्या उतरल्या, पुस्तकं रद्दीत गेली. रद्दीत नुसती पुस्तकं गेली नाहीत. भाड्याच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेलं असायचं, "छान आहे, जरूर वाचा." खाली दुसऱ्या अक्षरात, "शेवट पटला नाही." सरकारमान्य ग्रंथालयात पुस्तक खराब करू नका म्हणून दटावत, आणि त्यात गैर काही नाही. पण आज इतिहासकाराच्या नजरेने बघितलं, तर कामगार वाचकाने स्वतःच्या हाताने लिहिलेली समीक्षा एवढीच होती. देवघेवीच्या वहीत कुणी काय नेलं ते कळतं. का नेलं, कसं वाटलं, ते या पेन्सिलीच्या ओळींत होतं.

इथे काळाचौकीला, इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर वस्त्रोद्योगाचं संग्रहालय करण्याची योजना आहे. तिथे माग ठेवाल, धोटा ठेवाल, उत्तमच. भाड्याच्या वाचनालयाची एक फळीही ठेवा, असं आम्ही आग्रहाने म्हणतो. तुमच्यापैकी कुणाच्या पोटमाळ्यावर अशी शेरे लिहिलेली पुस्तकं असतील, तर ती रद्दीत घालू नका. फाटकी असली तरी चालतील. शेवटचं पान तेवढं शाबूत बघा.

आज यंत्र आपल्याला पुस्तकं सुचवतं. त्याला नावं ठेवायचं कारण नाही. ते पुष्कळ माहिती गोळा करतं. पण रहस्यकथा घेतली की ते आणखी दहा रहस्यकथा दाखवतं. "आता जरा जाडं घे" असं ते क्वचितच म्हणतं, आणि चुकीचं पुस्तक दिलं म्हणून उद्या जिन्यात ते आपल्याला तोंड चुकवत नाही.

तेव्हा एक साधी गोष्ट करू. रोज एका माणसाला एका कादंबरीचं नाव सांगू. त्याच्या सवयीच्या फळीवरचं नको, शेजारच्या फळीवरचं. आणि ती त्याला का देतो आहोत, हे एका वाक्यात सांगू. पुढच्या भेटीत आवडली का, म्हणून विचारायलाही विसरू नये. तो "नाही" म्हणाला तर तेही ऐकून घेऊ.