निषिद्ध ढोलांचे पुनरागमन : हैतीतील बुकमान एक्स्पेरियान्स या वाद्यवृंदाचा सांगीतिक वारसा

प्रस्तावना

आधुनिक जगाच्या इतिहासात गुलामांनी यशस्वी केलेली एकमेव क्रांती म्हणून हैतीच्या क्रांतीचा (१७९१-१८०४) उल्लेख केला जातो. तरीही फ्रेंच राज्यक्रांतीच्या सविस्तर विवेचनात हैतीच्या वाट्याला बहुधा एखादा परिच्छेदच येतो. त्या क्रांतीनंतरच्या दोन शतकांत तेथील सामान्य माणसाने आपली स्मृती कशाच्या आधारे जपली, हा प्रश्न तर क्वचितच विचारला जातो. लेखी साधनांच्या दृष्टीने पाहता त्याचे उत्तर देणे कठीण आहे, कारण बहुसंख्य जनता क्रेयोल भाषा बोलत होती आणि शासनव्यवहार फ्रेंचमध्ये चालत होता. ही स्मृती प्रामुख्याने ढोलात, गीतात आणि उपासनेत टिकून राहिली. प्रस्तुत लेखात बुकमान एक्स्पेरियान्स या वाद्यवृंदाच्या वाटचालीच्या अनुषंगाने या स्मृतीच्या पुनरागमनाचा विचार केला आहे.

या वाद्यवृंदाविषयी लिहिणारे बहुतेक लेखक त्याच्या ‘नवतेवर’, म्हणजे विद्युत गिटार आणि पारंपरिक ढोल यांच्या मिलाफावर भर देतात. तो मिलाफ महत्त्वाचा आहेच. परंतु ढोल लोकप्रिय संगीतात आणणारा हा पहिला गट नव्हे. ‘लोककला’ म्हणून ढोल चालेल, ‘उपासना’ म्हणून चालणार नाही, ही हैतीच्या राज्यसंस्थेने आखलेली सीमारेषा त्याने मानली नाही, यात त्याचे खरे वेगळेपण आहे.

ढोल आणि कायदा

पश्चिम आफ्रिका व कांगो खोऱ्यातून आणलेल्या गुलामांच्या श्रद्धांमधून व्होडू हा धर्म हैतीच्या भूमीवर आकारास आला. ऑगस्ट १७९१ मध्ये ब्वा काइमान येथे झालेल्या गुप्त मेळाव्यात दुती बुकमान याच्या नेतृत्वाखाली बंडाची शपथ घेतली गेली, अशी परंपरा आहे. या मेळाव्याच्या तपशिलांविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. मात्र बुकमान हा बंडाच्या आरंभीच्या नेत्यांपैकी एक होता आणि त्याच वर्षी फ्रेंचांनी त्याला ठार करून त्याचे शिर जाहीरपणे प्रदर्शित केले, याविषयी शंका नाही.

ज्या क्रांतीच्या मुळाशी हा धर्म होता असे मानले जाते, तिच्यातून जन्मलेल्या राष्ट्राने १८३५ च्या दंडसंहितेत जादूटोण्याच्या नावाखाली त्याच धर्माचे विधी दंडनीय ठरवावेत, हा इतिहासातील एक मोठा विरोधाभास होय. अमेरिकेच्या लष्करी अंमलात (१९१५-१९३४) या कलमांचा जाच अधिकच वाढला. १९२८ मध्ये झाँ प्राइस-मार्स यांनी आपल्या ग्रंथातून ग्रामीण हैतीच्या कथा, गीते व श्रद्धा यांना प्रतिष्ठा मिळवून देण्याचा प्रयत्न केला आणि सुशिक्षित वर्गाच्या फ्रेंच-अनुकरणावर टीका केली. त्यांच्या विचारांचा परिणाम झाला, पण तो विचित्र पद्धतीने. राष्ट्राध्यक्ष स्तेनियो व्हँसाँ यांच्या १९३५ च्या हुकूमनाम्याने ‘अंधश्रद्धेच्या प्रथा’ गुन्हा ठरवल्या आणि त्याच वेळी ग्रामीण लोकनृत्यांना मोकळीक दिली. म्हणजे तोच ढोल, तीच लय आणि तेच नर्तक. देवतेला आवाहन असेल तर तुरुंग, करमणूक असेल तर परवानगी! पोलीस हवालदाराने हा भेद कोणत्या निकषावर करावा, हे मात्र कोणी सांगितले नाही. १९४१-४२ मध्ये कॅथलिक चर्चने अंधश्रद्धाविरोधी मोहीम राबवली, तेव्हा असंख्य ढोल व पूजासाहित्य जाळण्यात आले. याउलट १९४९-५० च्या पोर्त-ओ-प्रँस येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात मात्र लोकनृत्यपथके पर्यटकांसमोर मिरवली गेली. १९४३ मध्ये स्थापन झालेल्या जाझ दे झन या वाद्यवृंदाने व्होडूच्या लयी रंगमंचावर आणल्या, त्या या ‘लोककले’च्या चौकटीत. त्यांची गुणवत्ता वादातीत होती. चौकट त्यांची नव्हती.

१९५५ नंतर नेमूर झाँ-बातिस्त यांचा कोंपा हा नृत्यप्रधान संगीतप्रकार शहरांत लोकप्रिय झाला. स्थिर ठेका, जोडीने करावयाचे नृत्य आणि प्रेमविषयक गीते हे त्याचे स्वरूप. फ्रांस्वा दुव्हालिए (१९५७-१९७१) यांनी व्होडूचा वापर भीतीचे साधन म्हणून केला आणि अनेक पुरोहितांना आपल्या खासगी सशस्त्र दलाशी, तोंतों माकूतांशी, जोडून घेतले. त्यामुळे सत्तरच्या दशकात ढोलाकडे वळू पाहणाऱ्या तरुणासमोर दुहेरी अडचण होती. चर्चच्या दृष्टीने तो सैतानाचा आणि लोकशाहीवाद्यांच्या दृष्टीने हुकूमशहाचा. ही दुसरी अडचण मला अधिक गंभीर वाटते, कारण छळाला तोंड देता येते, परंतु छळ करणाऱ्याच्या हातून आपली वस्तू परत मिळवणे त्याहून अवघड असते.

वाद्यवृंदाची जडणघडण

१९७८ मध्ये थिओडोर ‘लोलो’ बोब्रँ आणि त्यांच्या पत्नी मिमरोझ ‘मांझे’ बोब्रँ यांनी या गटाची स्थापना केली. लोलो यांचे वडील ‘लांगीशात’ या भूमिकेमुळे हैतीभर ओळखले जाणारे विनोदी नट होते. मांझे या मानववंशशास्त्राच्या अभ्यासक. अर्थात दोघेही शहरी व सुशिक्षित वर्गातील. गटाच्या नावातील पहिला शब्द १७९१ च्या बंडनायकाचा, तर ‘एक्स्पेरियान्स’ हा अनुभव या अर्थाचा क्रेयोल शब्द अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्स यांच्या वाद्यवृंदाच्या नावाचे स्मरण करून देणारा. जमैकातील बॉब मार्ली यांचा प्रभावही लोलो यांनी मान्य केला आहे. जमैकात रास्ताफारी श्रद्धेतून जागतिक संगीत उभे राहू शकते, तर हैतीत व्होडूतून का नाही, असा हा विचार होता.

मात्र त्यासाठी केवळ ढोल विकत आणून भागणार नव्हते. गोनाईव्ह शहराजवळील सुव्हनांससारख्या जुन्या ‘लाकूं’कडे, म्हणजे सामाईक अंगण व देवस्थान असलेल्या वस्त्यांकडे, या पिढीतील संगीतकार वळले. तेथे प्रत्येक देवतासमूहाची लय निराळी असते. राडा परंपरेत मांमां, सेगों आणि बुला असे लहानमोठे तीन ढोल व ओगान ही लोखंडी घंटा असते. बुला आणि ओगान स्थिर चौकट धरून ठेवतात, मांमां हा मोठा ढोल तीवर संवाद करतो आणि मध्येच लय मोडून नर्तकाला हादरवतो. पेत्रो परंपरेची लय अधिक तीव्र. गुलामगिरीतील क्रोधाशी तिचा संबंध जोडला जातो. यांखेरीज रारा हा उपवासकाळात रस्त्यावरून निघणाऱ्या मिरवणुकींचा प्रकार आहे. त्यात वाक्सिन या बांबूच्या तुताऱ्या असतात. प्रत्येक तुतारी एकच स्वर काढू शकते, त्यामुळे चार-पाच वादकांनी आळीपाळीने आपापला स्वर नेमक्या क्षणी फुंकला तरच एक सुरावट तयार होते. वादक त्याच वेळी काठीने बांबूवर ठेकाही धरतो. एकट्या माणसाला ही सुरावट वाजवताच येत नाही.

बुकमान एक्स्पेरियान्सने ही रचनापद्धती विद्युत वाद्यांवर उतरवली. त्यांच्या ध्वनिमुद्रणांत गिटार व कीबोर्ड यांचे तुकडे वाक्सिनप्रमाणे एकमेकांत अडकवलेले ऐकू येतात आणि मुख्य गायकाच्या ओळीला समूह प्रतिसाद देतो. या मांडणीत लोलो यांचे बंधू डॅनियल बोब्रँ यांचा मोठा वाटा होता. याच सुमारास ग्रूप सा, फुला आदी गटही या दिशेने प्रयोग करीत होते. या प्रवाहाला पुढे ‘मिझिक रासिन’ म्हणजे मूळांचे संगीत हे नाव मिळाले. तेव्हा हे एका गटाचे कर्तृत्व नव्हते, हे नमूद करणे आवश्यक आहे.

१९९० चे कार्निव्हल

७ फेब्रुवारी १९८६ रोजी झाँ-क्लोद दुव्हालिए देश सोडून पळाले. त्यानंतरच्या ‘देशुकाज’ म्हणजे समूळ उच्चाटनाच्या लाटेत माकूतांबरोबर अनेक व्होडू पुरोहितही मारले गेले. १९८७ च्या संविधानाने क्रेयोलला फ्रेंचबरोबर राजभाषेचा दर्जा दिला आणि १९३५ चा हुकूमनामा रद्द केला. कायदा बदलला, सत्ता मात्र लष्कराकडेच राहिली.

अशा वेळी १९९० च्या कार्निव्हलमध्ये या गटाने ‘के म पा सोते’ हे गीत सादर केले. शब्दशः अर्थ, माझे हृदय उडी मारत नाही. आशय, मी भीत नाही. जनरल प्रॉस्पेर आव्हरिल यांच्या राजवटीत हे उद्गार उच्चारणे सोपे नव्हते. गीत कार्निव्हलपुरते राहिले नाही. मार्च १९९० मध्ये आव्हरिल यांच्याविरुद्ध निघालेल्या निदर्शनांत ते गायले गेले आणि त्याच महिन्यात आव्हरिल यांना पायउतार व्हावे लागले. एका गाण्याने सरकार पाडले, असे विधान करणे अतिशयोक्तीचे ठरेल. जनतेच्या मनातील भावनेला या गीताने एक सामाईक वाक्य दिले, एवढेच म्हणणे योग्य. पण भीतीवर उभ्या असलेल्या राजवटीत ‘भीत नाही’ हे वाक्य चौकाचौकांत एकमुखाने म्हटले जाणे, ही क्षुल्लक गोष्ट नव्हती. विशेष म्हणजे ज्या लयीवर हे वाक्य म्हटले गेले ती उपासनेची होती. दुव्हालिएंनी भीतीसाठी वापरलेला ढोल येथे निर्भयतेसाठी वाजला.

बंदी, परागंदा जीवन आणि पुनरागमन

१९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘व्होडू अद्जाए’ या ध्वनिसंचाला अमेरिकेतील ग्रॅमी पुरस्काराचे नामांकन मिळाले. दरम्यान डिसेंबर १९९० च्या निवडणुकीत विजयी झालेले राष्ट्राध्यक्ष झाँ-बर्त्राँ आरिस्टिड यांची सत्ता ३० सप्टेंबर १९९१ रोजी राऊल सेद्रास यांच्या लष्करी उठावाने उलथली. १९९२ च्या कार्निव्हलसाठी गटाने ‘काल्फू दांजेरे’, म्हणजे धोक्याचा चौरस्ता, हे गीत रचले. लष्करी शासनाने ते हिंसेला चिथावणी देणारे ठरवून त्यावर बंदी घातली. वास्तविक त्यात शस्त्र उचलण्याचे आवाहन नाही. व्होडू श्रद्धेत चौरस्ता हे देवतांचे स्थान आहे. खोटेपणा व हत्या करणाऱ्याला तेथे जाब द्यावा लागेल, असा त्याचा आशय आहे. सेनाधिकाऱ्यांना हा संकेत पुरेपूर कळला असावा, हेच बंदीतून दिसते.

पुढील काळात गटातील कलावंतांना परदेशात राहावे लागले. तेथील मंचांवरून त्यांनी सेद्रास राजवटीविरुद्ध गायन आणि भाषण दोन्ही केले. आर्थिक नाकेबंदीच्या या वर्षांत गटातील बासवादक मिशेल-मेल्थाँ ‘ओलिशा’ लिंच मेंदूज्वराने गेले. १५ ऑक्टोबर १९९४ रोजी आरिस्टिड परतले आणि गटही मायदेशी परतला; १९९५ मध्ये ‘लिबेते’ म्हणजे स्वातंत्र्य हा ध्वनिसंच आला. परंतु हे पुनरागमन निर्भेळ विजयाचे नव्हते. अध्यक्ष परतले ते वीस हजारांच्या आसपास अमेरिकन सैन्याच्या संरक्षणात. ज्या गीतांचा पूर्वज परकीय सैन्याशी लढलेला बुकमान, त्या गीतांनी या स्वातंत्र्याचे स्वागत कसे करावे? शिवाय शत्रू समोर असताना एकवटलेले सूर नंतर तसे राहत नाहीत. गायक एडी फ्रांस्वा यांनी आधीच वेगळे होऊन बुकान गिनेन हा गट काढला होता, डॅनियल बोब्रँही पुढे स्वतंत्र झाले आणि आरिस्टिड यांच्या नंतरच्या कारभारावर लोलो यांनी टीका केली. ही टीका काही जुन्या चाहत्यांना रुचली नाही. माझ्या मते मात्र गटाचे संगीत कोणा एका नेत्याच्या सेवेत नव्हते, याचा तो पुरावा आहे.

वारसा आणि त्यापुढील प्रश्न

४ एप्रिल २००३ च्या आदेशाने व्होडूला अधिकृत धर्माची मान्यता मिळाली. गटाच्या स्थापनेनंतर पंचवीस वर्षांनी! कायद्याने गीताचा माग काढत यावे, असा हा क्रम आहे. रिचर्ड मोर्स यांच्या राम या वाद्यवृंदाने राजधानीतील ओलोफसन हॉटेलात दर गुरुवारी अनेक वर्षे याच प्रवाहातील संगीत सादर केले. त्यांच्या ‘फेय’ या गीतावरही लष्करी राजवटीत बंदी आली होती. २०१० च्या भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या लाकू मिझिक या गटात ज्येष्ठ सांबा झाओ आणि तरुण गायक-वादक एकत्र आले. त्यांचा ‘वा दी यो’ हा संच २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. लोलो व मांझे यांचे पुत्र पॉल बोब्रँ हेही गायक-गिटारवादक आहेत.

वांशिक संगीतशास्त्राचे अभ्यासक गेज ॲव्हरिल यांनी हैतीतील लोकप्रिय संगीत व सत्ता यांच्या संबंधांचा मूलगामी अभ्यास केला आहे. त्या दिशेने पुढे जाताना एक प्रश्न उपस्थित होतो. नव्वदच्या दशकापासून या संगीताला पाश्चात्त्य बाजारात ‘जागतिक संगीत’ या नावाखाली जागा मिळाली. तेथील श्रोत्याला क्रेयोल कळत नाही. त्याला लय हवी असते, आवाहन नको असते. १९३५ च्या हुकूमनाम्याने आखलेली लोककला आणि उपासना यांच्यातील रेषा येथे पोलिसांविना, केवळ विक्रीच्या सोयीसाठी, पुन्हा आखली जाते. शहरी सुशिक्षितांनी ग्रामीण श्रद्धेचे प्रतिनिधित्व करावे काय, हा आक्षेपही घेता येतो. त्याला मांझे बोब्रँ यांनी दिलेले उत्तर संगीतातले नाही. २०१० मध्ये फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘नान दोमी’ या ग्रंथात त्यांनी स्वतःच्या व्होडू दीक्षेचा वृत्तांत लिहिला आहे. अभ्यासक म्हणून निरीक्षण करण्यासाठी गेलेली स्त्री शिष्या कशी झाली, याचे ते कथन आहे. या संगीताचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने ध्वनिमुद्रणांबरोबर तो ग्रंथही वाचणे अगत्याचे आहे.

जुलै २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष जोव्हनेल मोईझ यांची हत्या झाल्यानंतर राजधानीचा मोठा भाग सशस्त्र टोळ्यांच्या ताब्यात गेला. जुलै २०२५ मध्ये ओलोफसन हॉटेल आगीत भस्मसात झाले. ज्या व्हरांड्यात दर गुरुवारी रात्री वाक्सिन वाजत असत, तो आता उरलेला नाही.