नट निघाले, चाक निघेना!

पंक्चर झालेले चाक बदलण्यासाठी सारे नट काढावेत आणि चाक मात्र जागचे तसूभरही हलू नये, असा अनुभव अनेक मोटारचालकांच्या वाट्याला येतो. वर्ष-दोन वर्षांत एकदाही चाक न काढलेल्या आणि सोसायटीच्या उघड्या आवारात पावसाळे काढलेल्या गाड्यांच्या बाबतीत तर हा प्रसंग हमखास ओढवतो. अशा वेळी वैतागून चाकाला हिसके देण्याचा मोह होतो. तोच सर्वांत धोक्याचा असतो. कारण त्या क्षणी सुमारे टनभर वजनाची गाडी एका छोट्या जॅकवर तोललेली असते. अडकलेले चाक सोडवण्यासाठी ताकदीपेक्षा सबुरीची आणि योग्य क्रमाची गरज अधिक असते.

चाक अडकते कशामुळे?

मोटारीचे चाक केवळ नटांच्या आधारावर बसवलेले नसते. हबच्या मध्यभागी गोल उंचवटा असतो आणि बहुतेक गाड्यांत चाकाचे मधले भोक त्यावर नेमके बसते. दोहोंमधील फट अगदी सूक्ष्म असते. या फटीत पाणी आणि चिखल शिरला की पोलादी भाग गंजू लागतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापत असल्याने फट भरून जाते आणि चाक हबवर आवळले जाते.

अलॉय चाकांत ही अडचण अधिक जाणवते. ॲल्युमिनियम आणि पोलाद हे दोन भिन्न धातू ओलाव्यात एकमेकांना टेकून राहिले, की ॲल्युमिनियमची झीज वेगाने होते आणि सांध्यात पांढरट थर साचतो. खाऱ्या हवेत ही क्रिया आणखी जलद होते. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या किनारपट्टीवरील गाड्यांना त्यामुळे विशेष जपावे लागते.

आधी दोष ओळखावा

नट न फिरणे, चाक न निघणे आणि चाक न फिरणे हे तीन वेगळे दोष आहेत. हँडब्रेक लावून गाडी बरेच दिवस पावसात उभी राहिल्यास ब्रेकचे भाग चिकटून चाक फिरेनासे होते. त्यावरील उपाय निराळा असून ते काम मेकॅनिककडे सोपवणे इष्ट. सर्व नट निघाले आहेत, एखादा चोरीप्रतिबंधक नट राहिलेला नाही आणि तरीही चाक हबवरून सुटत नाही, अशी खात्री झाल्यावरच पुढील उपाय करावेत.

सुरक्षिततेची तयारी

गाडी सपाट आणि टणक जमिनीवर उभी करावी. हँडब्रेक ओढून पहिला गिअर टाकावा. ऑटोमॅटिक गाडीत ‘पी’ ही स्थिती निवडावी. जे चाक काढायचे त्याच्या तिरक्या दिशेच्या चाकाला पुढून-मागून लाकडी ठोकळे किंवा दगड लावावेत. नट सैल करण्याचे काम गाडी उचलण्यापूर्वीच उरकावे. जॅक पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लावावा आणि शक्य असल्यास गाडीचा भार जॅक स्टँडवर घ्यावा. स्टँड नसेल, तर स्टेपनी गाडीच्या कडेखाली आडवी सरकवून ठेवावी. जॅक निसटलाच, तर गाडी थेट जमिनीवर आदळत नाही. कोणत्याही स्थितीत शरीराचा कुठलाही भाग गाडीखाली नेऊ नये.

उपायांचा क्रम

सर्वप्रथम काढलेले नट पुन्हा दोन-तीन आट्यांपर्यंत फिरवून ठेवावेत, म्हणजे चाक एकाएकी सुटून अंगावर येत नाही. काही गाड्यांत नटांऐवजी बोल्ट असतात. त्यांतील निदान दोन बोल्ट सैलसर लावून ठेवावेत.

त्यानंतर हब आणि चाक यांच्या मधल्या सांध्यावर गंज सोडवणाऱ्या तेलाचा बेताने फवारा मारावा आणि पंधरा-वीस मिनिटे थांबावे. ब्रेकच्या डिस्क, ड्रम वा पॅडवर हे तेल उडता कामा नये.

मग उभे राहून, चाकाकडे पाठ करून, टाचेने टायरच्या बाजूवर ठोसे द्यावेत किंवा रबरी हातोडा वापरावा. एकाच जागी जोर न लावता डावी-उजवी, वरची-खालची अशा समोरासमोरच्या बाजूंवर आळीपाळीने आघात करावेत. चाक किंचित डुगडुगू लागले की गंजाची पकड सुटली असे समजावे. गाडी केवळ जॅकवर असल्यास हे आघात हलकेच असावेत.

एवढ्यानेही भागले नाही, तर सगळे नट हाताने पूर्ण बसवून गाडी खाली घ्यावी. नट आवळून पुन्हा केवळ अर्धा ते एक फेरा सैल करावेत. नंतर टायरमध्ये हवा असेल आणि आवार मोकळे असेल, तरच गाडी चालण्याच्या वेगाने एक-दोन मीटर पुढे-मागे नेऊन हलकेच ब्रेक दाबावा. ‘टक्’ असा आवाज येताच थांबावे. गाडीच्या स्वतःच्या वजनानेच बहुधा चाक सुटते. हा प्रयोग रस्त्यावर मात्र मुळीच करू नये. यानंतरही चाक अडून राहिल्यास मेकॅनिकला बोलावणे शहाणपणाचे.

हे कटाक्षाने टाळावे

लोखंडी हातोड्याने रिमवर घाव घालू नयेत; अलॉय चाकाला तडा जाऊ शकतो. चाकाला गॅसची ज्योत देणे तर अत्यंत घातक. तापलेला टायर फुटू शकतो, शिवाय बेअरिंगमधील ग्रीस आणि सीलही खराब होतात.

चाक निघाल्यावर

तारेच्या ब्रशने हबचा आणि चाकाचा टेकणारा पृष्ठभाग स्वच्छ करावा. हबच्या मधल्या उंचवट्यावर गंजरोधक ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवावा. नटांच्या आट्यांना मात्र तेल वा ग्रीस लावू नये. तसे केल्यास तेवढ्याच जोरात नट प्रमाणापेक्षा अधिक आवळला जातो. सांडलेले तेल पुसून टाकावे. नट समोरासमोरच्या जोडीने, थोडेथोडे करून आवळावेत. बहुतेक छोट्या मोटारींसाठी हा जोर साधारणतः ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा. ५० ते १०० किलोमीटर धावल्यानंतर नट पुन्हा तपासावेत.

सुमारे दहा हजार किलोमीटरनंतर टायरची अदलाबदल करून घेताना हब स्वच्छ करण्यास सांगितले, तर हा सारा खटाटोप टळतो. निदान पावसाळ्यापूर्वीच्या एखाद्या रविवारी घरच्या आवारात चारही चाके एकेक करून काढून पाहावीत आणि स्टेपनीतील हवाही तपासावी. चाक अडकलेच, तर मदतीला माणसे आणि हाताशी वेळ असतो. रात्रीच्या महामार्गावर भर पावसात यांपैकी काहीच हाताशी नसते.