दोन चिठ्ठ्यांचं मत

मत देऊन बाहेर आलं की आजी दर वेळी विचारायची, "बाय, दुसरी चिठी खंय?" आम्ही हसायचो. ती मात्र मनापासून विचारत असे.

आजी मालवणकडची. लालबागच्या चाळीत तिची खानावळ होती. दहा-बारा गिरणीकामगार, कुळथाची पिठी, सुकटीचं कालवण, तव्यावरून थेट ताटात पडणारी भाकरी. तिच्या मनातली निवडणूक म्हणजे १९५७चीच. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. फ्लोरा फाउंटनच्या गोळीबाराची जखम ओली होती. 'मुंबई शहर मध्य' हा लोकसभा मतदारसंघ होता दोन खासदारांचा: एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. प्रत्येकाला दोन मतपत्रिका, आणि उमेदवारागणिक चिन्ह चिकटवलेली वेगळी पेटी.

मतदानाच्या आदल्या रात्री संयुक्त महाराष्ट्र समितीचा एक पोरगा शिकवायला आला म्हणे. दोन्ही चिठ्ठ्या एकाच पेटीत पडल्या तर एक मत फुकट! आजीनं तांदळाचा आणि कुळथाचा डबा पुढ्यात मांडला आणि रद्दीचे कपटे टाकून सराव केला. "एक कणसाक, एक हत्तीक." कणीस-विळा कॉम्रेड डांग्यांचा, हत्ती शेड्युल्ड कास्ट फेडरेशनच्या गोपाळ माने यांचा. दोघेही समितीचे, दोघेही निवडून आले.

आजोबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात होते. तिथं धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे. धागा बाटेल म्हणून दलितांना त्या खात्यात घेत नसत. १९५२ साली याच मुंबईत, अशाच दोन जागांच्या मतदारसंघात, याच फेडरेशनचे खुद्द बाबासाहेब आंबेडकर हरले होते. ५७चं मतदान झालं तेव्हा त्यांना जाऊन चार महिनेही झाले नव्हते. धोट्याला ज्यांचं तोंड चालत नव्हतं, त्यांच्या पेटीत साचेवाल्याच्या बायकोनं आपली दुसरी चिठ्ठी टाकली.

१९६१च्या कायद्यानं दोन जागांचे मतदारसंघ संपले. १९६२ला नवी वाटणी झाली आणि अवघ्या एका निवडणुकीचा तो मतदारसंघ गेला.

त्रासनखात्यातला, म्हणजे सूतकताईच्या खात्यातला एक दलित कामगार आजीच्या पंगतीला बसू लागला, तो ५७ सालीच की पुढच्या वर्षी, हे तिला नक्की आठवत नसे. "ताट येगळा नव्हता हां," ती दोनदा सांगायची. आई म्हणते, पहिले काही महिने होतं. मला दोघींचंही खरं वाटतं. ते वेगळं ताट आजीनं कधीतरी उचलून मांडणीवरच्या इतर ताटांत मिसळलं असणार. त्या दिवसाची तारीख मात्र घरात कुणालाच ठाऊक नाही.