कुलाब्यातली ती रात्र कुणी टेप केली?

मांडव्याच्या धक्क्यावरून बोट पकडली की साधारण तासाभरात आपण गेटवेला उतरतो. तिथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, कुलाब्यात, सत्तरच्या दशकात ‘स्लिप डिस्क’ नावाची छोटीशी जागा होती. 1972 साली लेड झेपेलिनचा गिटारवादक जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट तिथे येऊन वाजवून गेले. साथीला मुंबईचीच मुलं. तेव्हा हा जगातला सर्वात मोठ्या बँडपैकी एक, आणि ऐकायला होती एका खोलीत मावतील एवढी माणसं!

त्या रात्रीची अधिकृत रेकॉर्ड नाही. मात्र त्याच वर्षी दोघांनी मुंबईच्या स्टुडिओत इथल्या वादकांबरोबर ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही आपली दोन गाणी नव्याने वाजवली, ती टेप राहिली. कंपनीने ती बाहेर काढली 2015 मध्ये, म्हणजे 43 वर्षांनी. तोवर ती चोरट्या प्रतींवरच फिरत होती. आज आम्हाला बोलायचंय ते या चोरट्या प्रतींबद्दल, ज्यांना तिकडे ‘बूटलेग’ म्हणतात.

लेड झेपेलिनची गाणी स्टेजवर बदलायची. तबकडीवर सहा-सात मिनिटांचं गाणं मैफलीत वीस-पंचवीस मिनिटं चाले. ख्यालासारखंच म्हणा ना, बंदिश तीच पण रोजचा विस्तार वेगळा. मग प्रत्येक रात्रीची टेप हवी, असं रसिकांना वाटणारच. बँडने मात्र उभ्या कारकिर्दीत मैफलीचा एकच अल्बम काढला, 1976 मध्ये, तोही 1973 च्या न्यूयॉर्कच्या कार्यक्रमांवरून. जून 1972 च्या कॅलिफोर्नियातल्या दोन रात्री जोडून केलेला उत्तम संच यायला 2003 उजाडलं.

डीप पर्पलचं उलट झालं. ऑगस्ट 1972 मध्ये ओसाका आणि टोकियोत तीन रात्री त्यांचं ध्वनिमुद्रण झालं ते जपानी कंपनीच्या आग्रहामुळे. बँडला स्वतःला फारसा उत्साह नव्हता. त्यातून ‘मेड इन जपान’ निघाला, आणि आज मैफलीच्या अल्बमांचं नाव काढलं की तोच आधी आठवतो.

झेपेलिनचा मॅनेजर पीटर ग्रँट. धिप्पाड माणूस, चोरून टेप करणारा दिसला की यंत्र गेलंच म्हणून समजा. 1971 मध्ये व्हँकुव्हरला एकाचं यंत्र असंच फोडलं गेलं. नंतर कळलं की तो बिचारा आवाजाची पातळी मोजायला आला होता! तरीही टेप करणारे थांबले नाहीत. लॉस एंजेलिसच्या माइक मिलार्डने व्हीलचेअरमध्ये रेकॉर्डर लपवून आत नेला. त्याची 21 जून 1977 ची टेप जाणकार आजही शोधून ऐकतात.

हे बेकायदाच होतं, आणि त्यावर धंदा करून पैसे कमावणाऱ्यांची बाजू आम्ही घेणार नाही. पण इतिहासाचं साधन म्हणून बघा. मिक्सरमधून थेट घेतलेल्या टेपेत गिटार स्वच्छ येते, सभागृह येत नाही. श्रोत्यांतून केलेल्या टेपेत शेजारचा ओरडतो, टाळ्या पडतात, कुठे गाणं सुरू होताच लोक गप्प होतात तेही कळतं. आम्हाला दुसरी टेप जास्त महत्त्वाची वाटते.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. हळदीच्या रात्री बेंजो पार्टी वाजते. बेंजो म्हणजे खरं तर विजेवर चालणारं बुलबुल तरंग, पण गाण्याचा विस्तार रोजचा वेगळा, हे इथेही आहेच. कुणी कर्ण्यासमोर टेपरेकॉर्डर ठेवून कॅसेट भरलेली असते, आणि ती पुढे घरात कुठेतरी पडून राहते. खाऱ्या दमट हवेत फितीला बुरशी धरते. तशी कॅसेट सापडली तर लगेच प्लेअरमध्ये घालू नका, आधी जाणकाराला दाखवा, मग डिजिटल प्रत करून घ्या.

आणि कव्हरवर लिहून ठेवा. झेपेलिनचे संग्राहक प्रत्येक टेपेवर तारीख, शहर, मुद्रण श्रोत्यांतून की मिक्सरमधून, आणि ही प्रत कितवी, एवढं नोंदवतात. आपल्याकडे बहुतेक कॅसेटींवर फक्त ‘हळद’ लिहिलेलं असतं. कुणाची, कुठल्या गावात, कुठल्या साली, वाजवणारे कोण, हे सांगू शकणारी माणसं अजून घरात आहेत. या रविवारी त्यांना विचारा.