क्ष-किरणांची खोली आणि सुरक्षितता

धाराशिव जिल्ह्यातील लोहाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी हाड मोडले किंवा खोकला लांबला, की रुग्णाची पहिली गाठ क्ष-किरण यंत्राशी पडते. कर्करोगाचे निदान झाल्यास वाट बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलकडे किंवा मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाकडे वळते. या प्रवासात रुग्ण किरणांना काही क्षण सामोरा जातो. तंत्रज्ञ मात्र त्यांच्या सान्निध्यात वर्षानुवर्षे काम करतो. त्यामुळे दोघांच्या संरक्षणाचे नियमही वेगळे आहेत.

विल्हेल्म राँटजेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लागला, तेव्हा त्यांचे दुष्परिणाम कोणालाच ठाऊक नव्हते. यंत्र तपासण्यासाठी अनेक जण स्वतःचाच हात किरणांपुढे धरीत. एडिसन यांचे सहकारी क्लॅरेन्स डॅली यांचा अशाच कामातून झालेल्या कर्करोगाने १९०४ मध्ये मृत्यू झाला. हे किरण दिसत नाहीत, त्यांचा स्पर्श जाणवत नाही आणि अपाय बऱ्याचदा अनेक वर्षांनी प्रकट होतो. म्हणून केवळ अनुभवावर विसंबून चालत नाही. मोजमाप आवश्यक ठरते.

भारतात हे नियमन मुंबईतील अणुऊर्जा नियामक मंडळाकडे आहे. मंडळाची स्थापना १९८३ मध्ये झाली आणि किरणोत्सर्ग संरक्षणाचे नियम २००४ मध्ये लागू झाले. किरणोत्सर्गाची मात्रा मिलिसिव्हर्ट या एककात मोजतात. मंडळाने ठरविलेल्या मर्यादेनुसार कर्मचाऱ्याला सलग पाच वर्षांत एकूण १००, म्हणजे वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्टपेक्षा अधिक मात्रा मिळता कामा नये. सर्वसामान्य नागरिकासाठी ही वार्षिक मर्यादा १ मिलिसिव्हर्ट आहे. गर्भवती कर्मचाऱ्याने आपली स्थिती वेळीच कळविणे महत्त्वाचे असते, कारण त्यानंतर गर्भासाठी अधिक कडक मर्यादा लागू होते.

प्रत्यक्ष संरक्षणाची सूत्रे तीन: वेळ कमी, अंतर अधिक आणि मध्ये आडोसा. स्रोतापासूनचे अंतर दुप्पट केले की मात्रा सुमारे एक चतुर्थांश होते. जाड भिंत, शिशाचा पत्रा बसविलेले दार आणि शिशाचा ॲप्रन हा आडोसा. यंत्र बंद होताच क्ष-किरण थांबतात; ते खोलीत साचून राहत नाहीत. मात्र यंत्र सुरू असताना दार उघडे राहिले, तर बाहेर बाकावर बसलेल्यांनाही त्याची झळ पोहोचू शकते.

तंत्रज्ञाच्या छातीवरील टीएलडी बिल्ला किरण अडवीत नाही. तो फक्त हिशेब ठेवतो. त्यातील चकत्या किरणांची ऊर्जा साठवितात आणि प्रयोगशाळेत तापविल्यावर ती प्रकाशरूपाने बाहेर पडते. या प्रकाशावरून मात्रा कळते. ॲप्रन घातला असेल, तर बिल्ला त्याच्या आत लावायचा असतो. तो कपाटात ठेवून काम केले किंवा यंत्राच्या खोलीतच विसरला, तर दोन्ही वेळा अहवाल खोटा ठरतो.

रुग्णासाठी मात्र अशी कमाल मर्यादा ठरविलेली नाही, कारण आवश्यक तपासणी नाकारणे हाही अपायच होय. तेथे दोन कसोट्या लागू होतात: तपासणीची खरोखर गरज आहे काय, आणि ती कमीत कमी मात्रेत होत आहे काय. छातीच्या एका क्ष-किरण चित्रातून सुमारे ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहूनही कमी मात्रा मिळते. पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये ती १० मिलिसिव्हर्टच्या आसपास जाऊ शकते. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये या प्रकारचे किरण वापरले जात नाहीत.

रुग्णालयाबाहेर, वेल्डिंगचे सांधे तपासण्यासाठी इरिडियम-१९२ सारखे किरणोत्सर्गी स्रोत वापरतात. यंत्राप्रमाणे ते बंद करता येत नाहीत. कवचात नीट ठेवणे हाच त्यांचा बंदोबस्त. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीतील मायापुरी येथे हीच दक्षता चुकली. दिल्ली विद्यापीठातून भंगारात गेलेल्या जुन्या उपकरणातील कोबाल्ट-६० उघडे पडले, अनेकांना बाधा झाली आणि भंगार व्यवसायातील एकाचा मृत्यू झाला. ज्यांच्या हाती ते पडले, त्यांना ती वस्तू काय आहे याची कल्पनाही नव्हती.

म्हणून क्ष-किरणांच्या खोलीत जाताना नागरिकांनी काही गोष्टी अवश्य पाळाव्यात. जुनी चित्रे व अहवाल सोबत न्यावेत, म्हणजे तीच तपासणी पुन्हा करावी लागणार नाही. गर्भधारणेची शक्यता असल्यास आधी सांगावे. मुलाला धरण्यासाठी आत थांबावे लागले, तर शिशाचा ॲप्रन मागून घ्यावा. इतरांनी बाहेर जावे आणि दार लागल्याची खात्री करावी. ॲप्रन मागणे हा संकोचाचा विषय नाही. गाव लहान असो वा शहर मोठे, किरणांचा नियम सर्वत्र सारखाच आहे.