शोधपेटीतले शून्य : जुनी मराठी छपाई आणि यंत्राची नजर

संगणकात साठवलेल्या हजारो जुन्या अंकांत एखादा शब्द शोधला आणि उत्तर शून्य आले, की तो शब्द त्या काळी नव्हताच असे म्हणण्याचा मोह होतो. इतिहासाच्या अभ्यासात याहून धोक्याचे शून्य क्वचितच असेल.

स्कॅन केलेले पान हे केवळ छायाचित्र असते. त्यातील अक्षरे ओळखून मजकूर तयार करते ती 'ओसीआर' प्रणाली, आणि शोध चालतो तो या मजकुरात. मूळ पानात नव्हे. शंभरातली ९८ अक्षरे अचूक ओळखली गेली असे धरले, तरी पाच अक्षरी शब्द पूर्ण शुद्ध उतरण्याची शक्यता सुमारे ९० टक्केच राहते. दहांतला एक शब्द असा हरवतो. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने म्हणूनच २००८ पासून जुन्या वृत्तपत्रांचा हा मजकूर दुरुस्त करण्याचे काम थेट वाचकांच्या हाती दिले.

मराठीत तर यंत्राने एकही चूक केली नाही तरी शोध फसू शकतो. आजचा अभ्यासक 'काही', 'नाही', 'केले' असे टंकतो. टिळक-आगरकरांच्या काळचा छापखाना 'कांहीं', 'नाहीं', 'केलें' असे जुळवत असे. हे अनुच्चारित अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी लेखनातून काढले. माणसाच्या डोळ्याला दोन्ही रूपे एकच. यंत्राला ती दोन वेगळी अक्षरमाला. त्यात जीर्ण कागदावर शाईचा ठिपका अनुस्वार ठरतो आणि खरा अनुस्वार डाग म्हणून पुसला जातो. शिळाप्रेसवरच्या पुस्तकांची गोष्ट आणखी वेगळी : तिथे खिळे नव्हतेच, दगडावर उतरले ते लेखनिकाचे हस्ताक्षर.

अलीकडच्या फाइली तरी सुरक्षित असाव्यात, ही अपेक्षाही फोल आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये जुळवलेल्या पानावर स्वच्छ देवनागरी दिसते. मजकूर बाहेर काढला की रोमन अक्षरांचा निरर्थक ढीग हाती येतो. त्या त्या फॉन्टचा तक्ता लावून तो उलगडावा लागतो. युनिकोडमध्येही 'दुसऱ्या' मधला र दोन प्रकारे साठवता येतो. दिसायला तंतोतंत सारखा, शोधात मात्र परका.

पण ज्या अंकांचे स्कॅनच नाही, त्यांचे काय? १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी सुरू केलेले आणि पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईहून चालवलेले 'दीनबंधु' हे सत्यशोधक चळवळीचे मुखपत्र. देशी वृत्तपत्रांवर लक्ष ठेवण्यासाठी मुंबई सरकार त्यांच्या मजकुराचे इंग्रजी सारांश तयार करवून घेत असे, आणि त्या अहवालांत 'दीनबंधु'च्याही नोंदी आढळतात. शेतकऱ्यांविषयी, शिक्षणाविषयी त्या पत्राने काय म्हटले, याचा माग तिथे लागतो, अर्थात सरकारी अनुवादकाच्या निवडीतून गाळून आलेला. मराठी शब्द टाकून तो कधीच सापडणार नाही. तिथे पुण्याचे 'पूना' झालेले असते आणि माणसांची नावे अनुवादकाच्या कानाला जशी लागली तशी रोमन लिपीत उतरलेली असतात.